सातबाऱ्यावर नाव कुणाचे?



सरकारचा हप्ता पडला की गावात तासाभरात कळते. कुणाच्या फोनवर संदेश येतो, कुणी बँकेतून पासबुक भरून आणतो, आणि चहाच्या टपरीवर 'आमचे आले, तुमचे आले का?' अशी विचारपूस सुरू होते. बारामती तालुका घ्या की इंदापूर घ्या, चित्र एकच. दोन हजार रुपये ही काही फार मोठी रक्कम नव्हे. पण तेवढ्यात खताच्या दोन-चार गोण्या येतात, दुकानदाराची उधारी थोडी फिटते, पोरांच्या वह्यांचा खर्च निघतो.

आता त्याच दिवशी आपल्या बौद्धवाड्यात डोकावून पाहा. जिने वर्षभर दुसऱ्याच्या उसात खुरपे चालवले, ज्याने रात्री-अपरात्री उसाची दारे धरली, त्यांच्या घरी कुणी फोन पाहत बसलेले नसते. त्यांना काही येणारच नसते. आणि काही घरे तर अशी आहेत की जमीन आहे, ती घरचीच माणसे कसतात, तरीही हप्ता येत नाही.

असे का होते, हे या आठवड्यात समजून घेऊ. आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. हा हिशेब शेजारच्या शेतकऱ्याविरुद्ध नाही. दोन एकरवाल्या मराठा, माळी, धनगर शेतकऱ्यालाही हे पैसे लागतात आणि ते त्याला मिळालेच पाहिजेत. आपला प्रश्न एवढाच आहे की सरकार शेतीसाठी जो पैसा वाटते, तो कोणते दार पाहून वाटते, आणि त्या दारावर आपले नाव आहे की नाही.

हप्ता कुणाला मिळतो?

पंतप्रधान किसान सन्मान निधी ही केंद्राची योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यावर. सुरुवातीला 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच हे पैसे होते. त्याच वर्षी ती अट निघाली आणि सर्व जमीनधारक कुटुंबांना योजना लागू झाली. आयकर भरणारे, सरकारी नोकर, डॉक्टर, वकील अशांना वगळले आहे. सरकारी नोकरांतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी मात्र वगळलेले नाहीत. पुढे 2023 मध्ये आपल्या राज्य सरकारने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' काढला. त्याचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीतून देण्यात आला. तोही वर्षाला 6,000 रुपये, आणि तो मिळतो केंद्राच्या योजनेत पात्र ठरलेल्यांना. म्हणजे एका कुटुंबाला दोन्ही मिळून वर्षाला 12,000 रुपये.

इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अज्ञान मुले. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकच. पण भाऊ-भाऊ वेगळे, त्यांची नावे सातबाऱ्यावर वेगळी, तर प्रत्येक भावाचे कुटुंब वेगळे धरले जाते.

आता नीट लक्ष द्या. या दोन योजनांत एकर मोजले जात नाहीत. दहा गुंठेवाल्याला जेवढे, तेवढेच वीस एकरवाल्याला. सरकारच्या बहुतेक शेती अनुदानांत असे होत नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण बाकीची किंमत सरकार कारखान्याला भरते. पण ज्याच्या शेतात पन्नास गोण्या लागतात त्याला पन्नास गोण्यांचे अनुदान मिळाले, आणि ज्याला एक लागते त्याला एकीचे. ठिबक सिंचनाला अल्पभूधारकाला 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे, पण ठिबक करायला आधी रान पाहिजे आणि पाणी पाहिजे. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज मोफत झाली. ज्याचा पंपच नाही त्याचे बिल माफ होणार कसे? कर्जमाफीचेही तेच. 2008 ची केंद्राची, 2017 ची दीड लाखापर्यंतची, डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, या सर्व माफ्या सोसायटीच्या आणि बँकेच्या पीककर्जाला होत्या. पीककर्ज जमिनीवर मिळते. मजुराने मुकादमाकडून घेतलेली उचल, सोनाराकडे ठेवलेली डोरल्याची वाटी, बचत गटाचे कर्ज, यातले काहीच त्या माफीत बसत नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो की वर्षाच्या 12,000 चा हप्ता हा गरिबातल्या गरीब जमीनधारकाला बरोबरीने मिळणारा पैसा आहे. पंधरा गुंठ्यांच्या जिरायत तुकड्यातून खर्च वजा जाता किती उरते, हे तो कसणाऱ्याला विचारा. तो तुकडा पिकवून मिळते त्यापेक्षा त्याच्या कागदावर जास्त मिळेल, अशी स्थिती अनेक घरांची आहे. पण त्याला अट एकच. सातबाऱ्यावर जिवंत माणसाचे नाव पाहिजे.

आपली नावे कुठे राहिली?

बारामतीच्या पाटाखालच्या गावांत नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात आला. पुढे ऊस आला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे साखर कारखाने उभे राहिले. इंदापूरला वालचंदनगरचा कारखाना आणि त्याचे मळे 1930 च्या दशकातले. उजनीचे धरण झाल्यावर भीमेच्या काठाला पाणी फुगले. पाणी ज्याच्या रानाजवळून गेले त्याचे नशीब पालटले. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला बहुतेक रान नव्हतेच. जे होते ते महार वतनाचे.

त्या वतनाची गोष्ट तरुण वाचकांना माहीत असावी. गावकीची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी करायची, आणि त्या बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते हा पाश तोडण्यासाठीच. चाकरीतून सुटका व्हावी आणि जमीन मात्र कसणाऱ्याकडे राहावी, हा त्यांचा आग्रह होता. ती वतने कायद्याने नष्ट व्हायला 1958 साल उजाडले. त्या कायद्याने जमीन सरकारजमा झाली आणि आकारणीच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत देण्यात आली. परत देताना अट घातली गेली, की कलेक्टरच्या परवानगीवाचून ही जमीन विकायची नाही, तिचे तुकडे पाडून वाटायची नाही. आजही अशा सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिलेले दिसते. ज्या घरात तेव्हा रक्कम भरायला पैसे नव्हते किंवा सांगणारे कुणी नव्हते, त्या घरची जमीन मागे पडली.

वालचंदनगरची गोष्टही याच मार्गाने जाते. कंपनीने मळ्यांसाठी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर राज्यातल्या कारखान्यांच्या अशा जमिनी सरकारकडे आल्या आणि त्या कसण्यासाठी 1963 मध्ये शेती महामंडळ निघाले. वालचंदनगर आणि रत्नापुरीचे मळे त्याच महामंडळाचे. पुढे खंडकऱ्यांनी लढा दिला आणि 2012 पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. मिळाल्या हे योग्यच झाले, त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे जुन्या कागदांवर होती. पण त्याच मळ्यांत बाया-माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावला, बांधला, तोडला. त्यांची नावे हजेरीपटावर होती. सातबाऱ्यावर नव्हती. कंपनी आली आणि गेली, महामंडळ आले, जमीन मूळ मालकाकडे गेली. या साऱ्या फेऱ्यात मजूर होता तिथेच राहिला.

घरातला सातबारा काढा

आता ज्या घरांत थोडीफार जमीन आहे त्यांच्याशी बोलू. ट्रंकेतला सातबारा बाहेर काढा. तो जुना झाला असेल तर नवा उतारा काढा. सोबत आठ-अ चा उताराही घ्या, त्यात एका खात्याची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. दिवा लावून, चष्मा लावून, घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीला शेजारी बसवून तो वाचा. अवघड काही नाही. वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि भोगवटादाराची नावे. खालचा भाग म्हणजे नमुना बारा. त्यात पिके. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. एक आर म्हणजे सुमारे एक गुंठा, चाळीस आर म्हणजे सुमारे एक एकर.

आता नावे पाहा. त्यातली किती माणसे हयात आहेत?

समजा, आज्याच्या नावावर 1 हेक्टर 20 आर वतनाची जमीन होती. म्हणजे साधारण तीन एकर. आज्याला तीन मुलगे आणि दोन मुली. आजा वारला तेव्हा थोरल्याचे नाव लावले आणि त्याच्यापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे पडली. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचे. भावाभावांत विश्वास होता, कुणी काही म्हटले नाही. पुढे थोरलाही वारला. त्याची विधवा आणि मुले जमीन कसतात, मधला पुण्यात कंपनीत आहे, धाकटा गावात मजुरी करतो, दोन्ही लेकी आपापल्या घरी. सातबारा मात्र अजून थोरल्याच्याच नावावर.

या घराला काय मिळते? काहीच नाही. मेलेल्या माणसाला हप्ता मिळत नाही. त्याच्या नावावर पडत राहिला तर तो पुढे वसूल होतो. पिकाचे नुकसान झाले तर पंचनामा नावावर, मदत नावावर. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांकही सातबाऱ्यावरच्या नावाला आधार क्रमांक जोडूनच मिळतो. मयताचा अंगठा कोण लावणार?

आता त्याच घराचा दुसरा हिशेब करा. पाच लेकरांच्या पाच शाखांची नावे लागली. प्रत्येकाच्या वाट्याला 24 आर. त्यातली तीन कुटुंबे जरी पात्र ठरली तरी वर्षाला 36,000 रुपये त्या भावकीत येतात. केंद्राच्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 ही जमीनधारणेची तारीख धरली आहे. त्यानंतर खरेदीने नाव लागलेल्याला हप्ता नाही, पण धारकाच्या मृत्यूनंतर वारसाने नाव लागलेल्याला त्यातून सूट आहे. म्हणून वारसाचे फेरफार जपून ठेवा. अर्ज मंजूर होणे तपासणीवर आहे. पण नावच नसेल तर अर्ज जागचा हलत नाही.

काही जण म्हणतात, आमची जमीन वर्ग 2 ची आहे, कलेक्टरची परवानगी लागते, कोण त्या भानगडीत पडणार? हा समज चुकीचा आहे. परवानगी विकायला आणि तुकडे पाडून वाटायला लागते. वारसाची नोंद हे विकणे नाही आणि वाटणीही नाही. बापाच्या मागे लेकरांचे नाव लागणे हा हक्क आहे.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ आणि वारसांची ओळखपत्रे लागतात. अर्ज तलाठ्याकडे करायचा. 2024 पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतात. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचे असते, पण तीस वर्षे लोटली म्हणून हक्क बुडत नाही. 1 एप्रिल 2025 पासून महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली ती मयतांची नावे काढून वारसांची लावण्यासाठीच. ज्यांच्या घरचे काम तेव्हा राहून गेले त्यांनी नेहमीच्या रीतीने अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्या. ज्या कामाला फी आहे तिची पावती मागा. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून वर पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका.

लेकी-सुनांची नावे

आता जरा नाजूक विषय. वारसांची यादी देताना आपल्या घरांतही बहिणींची नावे गाळली जातात. 'ती तर दिल्या घरी गेली', 'तिचा मानपान आपण करतोच की' असे म्हणून कागद पुढे सरकवला जातो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले हे आपण दर वर्षी जयंतीच्या भाषणात ऐकतो. मग घरच्या सातबाऱ्यावर लेकीचे नाव लावताना आपला हात का थरथरतो?

कायदा काय म्हणतो ते ऐका. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या जमिनीत त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो साऱ्या मुलींना मिळाला. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच आहे, 2005 साली बाप हयात असण्याची गरज नाही.

यात भावाचे नुकसान होते का? हप्त्यापुरते पाहिले तर होत नाही. बहिणीचे नाव लागले म्हणून भावाचा हप्ता कापला जात नाही. उलट जिचा नवरा भूमिहीन आहे, अशा बहिणीला माहेरच्या वारसाच्या दोन गुंठ्यांवर पात्र होता येते. आणि नवरा वारला, सासरच्यांनी बाहेर काढले, तर तिच्यापाशी दाखवायला एक कागद असतो. हक्कसोड करायचीच असेल तर ती तिने समजून-उमजून करावी. सण-समारंभाला आली असताना, चार माणसांच्या भिडेने, कोऱ्या कागदावर तिची सही घेऊ नये.

सुनांचेही ध्यानात ठेवा. मुलगा वारला की सुनेचे नाव त्याच महिन्यात लावायचा अर्ज द्या. 1992 सालापासून राज्यात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. तिच्याखाली नवरा हयात असतानाच स्वतःच्या जमिनीवर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. घरात भांडण नसताना, दोघे सुखात असताना हे काम उरकून घ्यावे. भांडण झाल्यावर कुणी नाव लावत नाही.

जमीन आहे, पाणी नाही

सुपे, मोरगाव, लोणी भापकर अशा जिरायत भागात ज्यांचे रान आहे त्यांच्यासाठी आणखी एक योजना सांगून ठेवतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी जानेवारी 2017 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. ती जिल्हा परिषदेचा कृषी विभाग चालवतो. नव्या विहिरीसाठी आधी अडीच लाख रुपये मिळत, 2024 मध्ये ही रक्कम चार लाख झाली. जुनी विहीर दुरुस्त करणे, पंपसंच, वीजजोडणी, ठिबक यांनाही अनुदान आहे. नव्या विहिरीला नावावर किमान 0.40 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. बाकीच्या बाबींना 0.20 हेक्टर पुरते. वर समजा म्हणून घेतलेल्या घरातला 24 आरचा वाटेकरी विहिरीला बसत नाही, पण ठिबकला आणि पंपाला बसतो. त्याचे नाव लागलेले असले तर. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते एवढे तयार ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला भेटा.

ज्यांच्याकडे गुंठाही नाही

आणि आता ज्यांना वरचे सारे वाचून सुस्कारा सुटला असेल त्यांच्याकडे येऊ. जमीनच नाही, तर नाव कुठे लावायचे?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा लढा 1959 मध्ये उभा केला. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती, की पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. त्यांच्याच नावाची सबळीकरण आणि स्वाभिमान योजना राज्यात 2004 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची, अशी ही योजना आहे. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. ऑगस्ट 2018 पासून शंभर टक्के अनुदान झाले. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांना अग्रक्रम आहे. अर्जदाराचे वय 18 ते 60. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, आणि निर्णय कलेक्टरांच्या समितीचा. मिळालेली जमीन स्वतः कसायची, विकायची नाही.

कागदावर यापेक्षा चांगली योजना नाही. मग अडते कुठे? 2018 च्या निर्णयात सरकारने दराची मर्यादा घातली, जिरायत एकराला पाच लाख आणि बागायत एकराला आठ लाख. नीरा डाव्या कालव्याखाली, उजनीच्या काठाला, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास आठ लाखाला एकर विकणारा माणूस वाचकांनी कधी पाहिला आहे का? विकणाऱ्याने राजीखुशीने पुढे यावे लागते, आणि बाजारात त्याला जास्त मिळत असताना तो सरकारकडे का येईल? जिरायत पट्ट्यात शोधले तर रान मिळू शकेल, पण चांगले रान कुणी देत नाही, आणि खडकाळ माळ पदरात पडून भागत नाही. म्हणून आपली मागणी नेमकी असावी. दराची मर्यादा तालुक्यातल्या खऱ्या खरेदी-विक्रीच्या दराशी जोडा. आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांना विहीर आणि वीज त्याच वर्षी द्या. तोपर्यंत भूमिहीन घरांनी अर्ज करणे सोडू नये. अर्जच नाहीत, मागणीच नाही, असे म्हणायची संधी कुणाला देऊ नये.

दुसरी मागणी हप्त्याची. शेतमजुराला रोख मदत द्यायची म्हटले की 'असे कुठे असते का?' म्हणणारे भेटतात. असते. ओडिशाने डिसेंबर 2018 मध्ये कालिया योजना जाहीर केली, तिच्यात वाट्याने करणारे शेतकरी आणि भूमिहीन घरेही धरली होती. छत्तीसगडने भूमिहीन शेतमजुरांना वर्षाला आधी 6,000, मग 7,000 रुपये दिले, आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या दुसऱ्या सरकारने नाव बदलून 10,000 दिले. तेलंगणाने 26 जानेवारी 2025 रोजी भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला 12,000 रुपयांची योजना सुरू केली. तिथली सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. म्हणजे हा पक्षाचा प्रश्न नाही. आपल्या राज्याने केंद्राच्या 6,000 वर स्वतःचे 6,000 टाकले, तेव्हा केंद्राचीच यादी उचलली. यादी राज्याची स्वतःची असती तर त्यात मजुराला बसवता आले असते. अजूनही येईल. उसाच्या एका टनामागे रान, पाणी, खत आणि घाम असे चार घटक लागतात. त्यातल्या तिघांना अनुदान आहे.

ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. गावात किती घरे भूमिहीन आहेत, त्यातल्या किती बाया शेतमजुरीवर जगतात, याची यादी आपल्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी एका रविवारी बसून करावी. ठराव लिहून द्यावा, त्याची नक्कल घ्यावी. आमदार-खासदार मते मागायला येतात तेव्हा हार-तुऱ्यांच्या आधी ती नक्कल त्यांच्या हातात ठेवावी. या दोन तालुक्यांना वजनदार पुढाऱ्यांची वाण कधी पडलेली नाही.

बाकी आज रात्री करायचे काम तेवढे सांगतो. जेवणे झाली की सातबारा काढा. मयतांच्या नावांपुढे पेन्सिलीने खूण करा. त्यांच्या वारसांची नावे वहीत लिहा, आणि ती यादी पुरी झाली की एकदा मोजा, तीत किती बायकांची नावे आहेत. आत्या, बहीण, विधवा काकी, कुणी सुटली असेल तर तिला निरोप धाडा. सोमवारी तलाठी कार्यालय उघडेल. ज्यांचा अर्ज अडला असेल त्यांनी कुठे आणि कशासाठी अडला ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवावे. पुढच्या अंकात आपण त्यातल्या अडचणी एकेक करून सोडवू.